हालिस्कोचं सापातेआदो शिकतेय : सराव, बूट आणि व्हिडिओ टाकण्याविषयी

कोयरी :

नमस्कार मंडळी,

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही सध्या मेक्सिकोत, ग्वादालाहाराला राहतो. आयटीमुळे इथे बरीच भारतीय कुटुंबं आहेत, गणपतीत आरतीला झांजा वाजवायला मराठी हात सहज मिळतात. मी नाशिकला कथक शिकले, मध्यमापर्यंत. नंतर लग्न, लेक, बदल्या यांत घुंगरू पिशवीतच राहिले. इथे घरापासून दोन चौकांवर एक सांस्कृतिक केंद्र आहे. तिथे संध्याकाळी मोठ्यांसाठी फोल्क्लोरिकोचा, म्हणजे मेक्सिकन लोकनृत्याचा वर्ग भरतो. रस्त्यावरून जाताना खिडकीतून बुटांचा आवाज ऐकला आणि आत जाऊन नाव घातलं.

आमच्या माएस्त्रा, म्हणजे शिक्षिका, साठीच्या पुढच्या. ग्वादालाहारा ही हालिस्को प्रांताची राजधानी, त्यामुळे वर्गात मुख्यतः हालिस्कोचीच नृत्यं असतात. माएस्त्रा मधेच गाणं बंद करतात, आमच्याकडे पाठ करून उभ्या राहतात आणि नुसत्या बुटांच्या आवाजावरून सांगतात, “तिसऱ्या रांगेत डावी टाच मागे पडतेय.” माझ्या नाशिकच्या बाई स्वयंपाकघरात भाजी चिरता चिरता तत्कार, म्हणजे कथकचा पदन्यास, ऐकायच्या आणि तिथूनच ओरडायच्या. इतक्या लांब येऊन पुन्हा तसाच कान भेटला याचा मला फार आनंद आहे.

आता प्रश्न. वर्गानंतर नडगीचं हाड ठणकतं, विशेषतः सापातेआदो, म्हणजे बुटांचा पदन्यास, जलद लयीत गेला की. कथकमुळे पाय सपाट आणि जोरात पडतो, ते कारण असेल का? घरी सराव करायचा तर आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, खाली एक आजोबा एकटे असतात.

दुसरं असं की आमच्या माएस्त्रांच्या ओळखीचा एक संच उत्सवांच्या दिवसांत जास्तीचे नर्तक घेतो. त्यांना आधी ऑनलाइन व्हिडिओ पाठवावा लागतो, तोही स्वतःच्या चॅनेलवर किंवा कलाकारांच्या एखाद्या संकेतस्थळावर टाकून. मी फोनवर चित्रण केलं, पण गाणं मोठ्याने ऐकू येतं आणि पाय मुके वाटतात. वर टाकल्यावर संगीताच्या हक्काची सूचना आली. हे कसं सोडवतात?

आणि शेवटचा, मनात घोळणारा प्रश्न. मी भारतीय. त्यांचा घेरदार, रिबिनींचा पोशाख घालून, त्यांचं नृत्य करून मी माझ्या नावाने व्हिडिओ टाकणं बरं दिसेल का? माएस्त्रा म्हणतात जरूर टाक. पण त्या मायेने म्हणतात, म्हणून तुम्हाला विचारते.

---

वाळवंटातली जुई :

कोयरी, तुझा धागा वाचून इतकं बरं वाटलं! मी लॉस एंजेलिसला असते. इथल्या मेक्सिकन वस्तीतल्या एका फोल्क्लोरिको संचात मुलीला सोडायला जायचे, बाकावर बसून बसून शेवटी स्वतःच उतरले. मुलीने कॉलेजला गेल्यावर सोडलं, मी अजून करते.

आधी नडगी, कारण दुखणं अंगावर काढायचं नाही. तुझा अंदाज बरोबर आहे. कथकमध्ये अनवाणी पाऊल अख्खं जमिनीवर येतं आणि अंगाचा भार सरळ खाली जातो. इथे बुटाला टाच आहे. भार किंचित पुढे, चवड्याकडे ठेवायचा आणि गुडघे मऊ, कायम जरासे वाकलेले. पाय मांडीतून उचलून आपटायचा नाही. जमिनीपासून बोटभर उचल पुरते, आवाज वेगातून येतो, ताकदीतून नाही. आरशासमोर उभी राहा आणि फक्त डोकं बघ. सापातेआदो चालू असताना डोकं वरखाली होत असेल तर तू फार जोर लावते आहेस. आमच्याकडे नवीन मुलींना बराच काळ संथ लयीतच ठेवतात, त्यांना कंटाळा आला तरी. आणि विश्रांती घेऊनही दुखतच राहिलं तर डॉक्टरला दाखव, नडगीच्या हाडाला बारीक चीर जाऊ शकते.

लयीचं सांगते, कारण कथकवाल्यांना इथे मोठा फायदा आहे. हालिस्कोच्या सोनमध्ये, म्हणजे तिथल्या लोकसंगीताच्या एका प्रकारात, सहा मात्रांचे दोन चेहरे असतात. दादरा म्हण, धा धि ना धा ति ना, आणि टाळी एक आणि चारवर दे. तीन-तीनचे दोन गट झाले. आता लय तीच ठेवून टाळी एक, तीन आणि पाचवर दे. दोन-दोनचे तीन गट. मारियाचीतली, म्हणजे तिथल्या वादकांच्या ताफ्यातली, वाद्यं या दोहोंमध्ये सतत ये-जा करतात, कधी दोन्ही एकाच वेळी चालू असतं, आणि नर्तकाने त्यात न डगमगता उभं राहायचं असतं. सापातेआदो दे त्रेस, म्हणजे तीन-तीन ठोक्यांचा पदन्यास, तू शिकलीच असशील : उजवा-डावा-उजवा, डावा-उजवा-डावा. प्रत्येक गट दुसऱ्या पायावर सुरू होतो, म्हणून नवख्यांचा गोंधळ उडतो. तोंडाने दादऱ्याचे बोल आणि पायाने त्रेस, असं भांडी घासताना करत जा. माझं तरी असंच बसलं.

घागऱ्याचं काम, ज्याला इथे फाल्देओ म्हणतात, ते लोक उगाच सोपं समजतात. हालिस्कोच्या घेरात इतकं कापड असतं की मनगटाने फिरवू गेलीस तर खांदे भरून येतात. हालचाल कोपरापासून सुरू कर, आणि कापड वर गेल्यावर ते खाली यायला वेळ घेतं, तो वेळ त्याला दे. सरावाचा साधा घागरा मिळतो, कोणत्याही फोल्क्लोरिकोच्या दुकानात. आजच घे. पंजाबी ड्रेसची ओढणी धरून केलेला सराव कामाचा नाही, तिला वजनच नसतं.

बूट : टाचेला आणि पुढच्या टोकाला खिळे ठोकलेले असतात, आवाज त्यांचाच. फरशीवर हे बूट घालायचे नाहीत. फरशी जाते आणि पाय घसरतो. घरासाठी बिनखिळ्यांची एक जुनी जोडी ठेव. चार बाय चार फुटांची जाड प्लायवूडची फळी आणि तिच्याखाली व्यायामशाळेत असतात तशा जाड रबराच्या चटया. तरी ठोके खाली जातातच, तेव्हा आजोबांना जाऊन भेट, वेळ विचारून घे आणि जाताना काहीतरी गोड घेऊन जा. मेक्सिकन आजोबा आहेत, त्यांनी शाळेत हाराबे तापातिओ, हालिस्कोचं ते प्रसिद्ध जोडीचं नृत्य, केलंच असणार. १९२०च्या दशकात त्यांच्या शिक्षण खात्याने ते नृत्य शाळाशाळांतून नेलं, तेव्हापासून तिथल्या मुलांची त्यातून सुटका नाही.

आता तुझ्या शेवटच्या प्रश्नावर येते. यावर माझं मत पक्कं आहे. “मेक्सिकन नृत्य” असं एक काही नाही. वेराक्रूसचं वेगळं, युकातानचं वेगळं, मिचोआकानचं वेगळं. पाय वेगळे, कपडे वेगळे, वाद्यंही वेगळी. वेराक्रूसच्या फांदांगोत, म्हणजे नाचगाण्याच्या मेळाव्यात, लाकडी तारिमा, म्हणजे नाचायची चौकी, असते, तिच्यावर नाचणाऱ्याचे पाय हे बाकीच्या वाद्यांसारखंच एक वाद्य. तिथल्या ला बांबामध्ये जोडपं लांब रिबिनीची गाठ पायांनी बांधतं, हात न लावता. युकातानच्या हारानात अंग काठीसारखं ताठ, कारण डोक्यावर भरलेल्या पेल्यांचा ट्रे तोलायचा असतो. मधेच कोणीतरी “बोंबा!” ओरडतं, वाद्यं थांबतात आणि एक जण यमक जुळवून चार ओळी म्हणतो, अगदी आपल्या उखाण्यासारखं. मग पुन्हा नाच.

म्हणून व्हिडिओ टाकताना प्रांताचं नाव, नृत्याचं नाव आणि कोणाकडे शिकलीस ते लिही. एवढं केलंस तर तुझ्या भारतीय असण्याला मला भेटलेल्या एकाही मेक्सिकन माणसाने हरकत घेतली नसती. त्यांना राग येतो तो हालिस्कोचा घागरा घालून वेराक्रूसचं नृत्य करणाऱ्यांचा, आणि तो मलाही येतो.

एक रेघ मात्र ओढून ठेव. हालिस्कोचे सोन, हाराबे, ही मेळाव्याची, लग्नाची, जत्रेची नृत्यं. त्यांत पाहुण्याला जागा आहे. पण सोनोरातल्या याकी लोकांचं हरणाचं नृत्य, दान्सा देल वेनादो, हा त्यांचा धर्मविधी आहे. मंचावर ते पुष्कळ संच करतात, तरी शिकणाऱ्याने हौसेखातर त्याचे रील करू नयेत. मिचोआकानच्या पुरेपेचा लोकांचं म्हाताऱ्यांचं नृत्य, लाकडी मुखवटे आणि काठ्या घेऊन करतात ते, लोकांना विनोदी वाटतं. त्याच्याही मागे बरंच काही आहे. तिथल्या माणसांकडे शिकल्याशिवाय करू नये.

---

आवाजी :

कोयरीताई, मी पुण्यात नाटकांचं आणि नृत्याच्या कार्यक्रमांचं ध्वनिमुद्रण करतो. नृत्यातलं कळत नाही, पण “पाय मुके वाटतात” हे माझं रोजचं दुखणं आहे, म्हणून लिहितो.

फोनचा माइक माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेला असतो. अचानक आलेला टणक ठोका त्याला गोंगाट वाटतो आणि तो आपणहून दाबतो. त्यात गाण्याचा स्पीकर फोनच्या जवळ असला की संपलंच. तेव्हा स्पीकर फोनपासून दूर, तुमच्या मागे किंवा बाजूला ठेवा आणि आवाज जेमतेम तुम्हाला ऐकू येईल इतका करा. पायांसाठी वेगळा माइक घ्या. छोटा रेकॉर्डर असेल तर उत्तम, नाहीतर घरातला दुसरा फोन चालेल. तो फळीपासून दोन-तीन फुटांवर, घडी केलेल्या टॉवेलवर ठेवा. फळीवर मुळीच नाही, नुसता गडगडाट येईल. नाचायच्या आधी कॅमेऱ्यासमोर एक जोरदार टाळी वाजवा. संकलनात दोन्ही आवाजांतली टाळी एकावर एक बसवली की पाय ओठांसारखे जुळतात.

कॅमेरा कमरेच्या उंचीला, जरा खालीच. डोक्याच्या उंचीवरून पाय आखूड दिसतात. आणि तिवई जमिनीवर, फळीपासून लांब. घागरा पसरणार असेल तर फोन आडवा धरा, उभ्या चौकटीत कापड दोन्हीकडून कापलं जातं. रीलसाठी उभा तुकडा हवा असेल तर गुडघ्याखालचे पाय वेगळे चित्रित करा, ते उभ्या चौकटीत फार छान दिसतात. पांढरा घागरा असेल तर कॅमेऱ्याचा उजेड लॉक करा, नाहीतर घागरा वर गेला की चेहरा काळा पडतो. मेक्सिकोत वीज ६० हर्ट्झची आहे, आपल्याकडे ५०. तेव्हा तिथे ३० किंवा ६० फ्रेम ठेवा. भारतातून कोणी २५ सांगितल्या तर ट्यूबच्या उजेडात लपलप दिसेल.

ऑनलाइन वर्ग घेत असाल तर झूममध्ये मूळ आवाज जाऊ देण्याची सोय आहे, ती चालू करा. एरवी ते सापातेआदो म्हणजे दारावरची ठकठक समजून पुसून टाकतं आणि शिक्षिकेला तुमच्या पायातलं काहीच कळत नाही. ब्लूटूथ इयरफोनही नकोत, आवाज उशिरा पोचतो.

हक्काच्या सूचनेविषयी : चाल जुनी, परंपरेची असली तरी तुम्ही लावलेलं मुद्रण कोणत्या तरी कंपनीचं असतं. यूट्यूबची यंत्रणा ते मुद्रण ओळखते. नुसता दावा आला असेल तर बहुतेक वेळा व्हिडिओ राहतो, जाहिरातीचे पैसे त्यांच्याकडे जातात. काही देशांत दिसत नाही इतकंच. त्याला स्ट्राइक, म्हणजे चॅनेलला मिळणारी ताकीद, समजून घाबरू नका, ते प्रकरण वेगळं. पण निवडीसाठी पाठवायचा व्हिडिओ ऐन वेळी दिसेनासा व्हायला नको. तुम्ही मारियाचीच्या गावात राहता! दोन-तीन वादकांना विचारा, पैसे ठरवा, मुद्रण नेटवर टाकण्याची परवानगी लेखी घ्या आणि पारंपरिक सोन वाजवून घ्या. जिवंत वाद्यांवर नाचलेला व्हिडिओ ऐकणाऱ्याला पहिल्या क्षणी कळतो.

---

पुएब्ला ते चाकण :

मी मोटारीच्या कारखान्यात काम करतो. आमच्या कंपनीचा एक कारखाना पुएब्लाला आणि एक आपल्या चाकणला, त्या निमित्ताने पुएब्लाला राहून आलो. पोशाखाच्या प्रश्नावर एक माहिती द्यायची आहे, कोयरीताईंना ती आवडेल.

हाराबे तापातिओ करणाऱ्या स्त्रीचा पारंपरिक पोशाख म्हणजे चीना पोब्लाना : टिकल्यांनी चमकणारा घागरा, पांढरा भरतकाम केलेला ब्लाउज, खांद्यावर रेबोसो, म्हणजे शाल. पुएब्लात याची कथा घरोघर सांगतात. सतराव्या शतकात मीरा नावाची एक हिंदुस्थानी मुलगी पोर्तुगीज चाच्यांनी पळवली. कोचीनहून मनिला, तिथून जहाजाने आकापुल्को, आणि शेवटी पुएब्लाच्या एका व्यापाऱ्याच्या घरी गुलाम म्हणून. बाप्तिस्म्यानंतर ती कातारिना दे सान हुआन झाली. गावाने तिला संत मानलं, पण १६८८ साली ती गेल्यावर चर्चच्या न्यायसभेने तिच्या तसबिरी आणि तिचं चरित्र यांवर बंदी घातली. जेसुइटांच्या चर्चमध्ये तिची कबर आहे, मी ती पाहिली आहे. त्या काळी आशियातून आलेल्या कोणालाही तिथे चीनोच म्हणत, बाईला चीना.

हा घागरा तिनेच आणला ही मात्र दंतकथा. इतिहासकार पोशाखाचा काळ बराच अलीकडचा धरतात, अठरावं-एकोणिसावं शतक. तेव्हा व्हिडिओच्या वर्णनात “हा मूळ भारतीय पोशाख” असं कृपया लिहू नका. आपल्याकडे व्हॉट्सअॅपवर ते आधीच फिरतं. बाई खरी आहे, तिचे हाल खरे आहेत, आणि तिच्याविषयी बोलायला तेवढं पुरेसं आहे.

---

कोयरी :

सगळ्यांचे मनापासून आभार. जुईताई, डोकं बघायला सांगितलंत ते लगेच करून पाहिलं. माझं डोकं चांगलंच हलत होतं. पाय बोटभरच उचलायचा म्हटल्यावर आधी आवाज पार गेला, मग दोन-तीन संध्याकाळी फक्त संथ त्रेस केलं तेव्हा हळूहळू टाचेचा वेगळा आणि टोकाचा वेगळा आवाज ऐकू यायला लागला. नडगी अजून थोडी बोलते, पण पहिल्यासारखी नाही.

खालच्या आजोबांकडे बेसनाचे लाडू घेऊन गेले. संध्याकाळी सहा ते सात चालेल म्हणाले. त्यांनी खरंच शाळेत हाराबे केलं होतं. त्यांच्या हॉलमध्येच त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले, पाठ ताठ केली आणि सपाता घालून आठ-दहा ठोके मारून दाखवले. काय सुरेख गुडघे होते! हालिस्कोत पुरुषाचे हात असे मागे का असतात ते वर्गात नुसतं सांगून कळलं नव्हतं. सगळं लक्ष पायांवर येतं, लपायला जागाच उरत नाही.

आवाजीदादा, टॉवेलवर फोन आणि टाळी हा उपाय फारच कामाचा. माएस्त्रांना ऐकवलं, त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि दोन ठिकाणी बोट वर केलं. दोन्ही ठिकाणी उजवी टाच घाईत होती. त्यांच्याच ओळखीने तीन वादक मिळाले आहेत, व्हिउएला आणि गितार्रोन ही गिटारसारखी वाद्यं, आणि व्हायोलिन. पैसे आणि परवानगीचं बोलणं झालं, कागद करतोय.

पुएब्लाचे दादा, कातारिनाची गोष्ट रात्री लेकीला सांगितली. तिने विचारलं, तिला घरी परत का नाही सोडलं? मला उत्तर देता आलं नाही. वर्णनात पोशाखाविषयी तुम्ही म्हणता तेवढंच लिहीन.

आता एकच विचारते. निवडीच्या व्हिडिओत दोन नृत्यं हवीत. एक हाराबे तापातिओ, जोडीदार वर्गातलाच आहे. दुसरं सोन दे ला नेग्रा घ्यावं म्हणते. त्यांनी एकूण लांबी कमीच सांगितली आहे, म्हणून सुरुवातीचा संथ भाग कापून थेट जलद लयीवर यावं का?

---

वाळवंटातली जुई :

नको गं, तो भाग कापू नकोस. ला नेग्रा सुरू होताना वाद्यं जड पावलांनी येतात आणि लय हळूहळू चढत जाते. निवड करणारे नेमकं तिथेच बघतात, की चढत्या लयीत हा नर्तक वाद्यांच्या पुढे पळतो का. जलद सापातेआदो सगळ्यांचंच दणक्यात वाटतं, चढण थोड्यांनाच जमते. कापायचंच असेल तर शेवटून काप, किंवा हाराबेतला टोपीभोवतीचा भागच फक्त ठेव. तो सगळ्यांना तोंडपाठ आहे, जोडीचं काम त्यातही दिसतं.

एका नृत्याच्या मधोमध मात्र जोड देऊ नकोस, एका दमात होऊ दे. जोडीदाराची आणि माएस्त्रांची नावं लिहिण्याआधी त्यांना विचार, काहींना नेटवर नाव नको असतं. आणि वादकांची तालीम चित्रणाच्या आदल्या दिवशी तुझ्या पायांबरोबर घे. लय कुठे किती चढवायची हे त्यांनी तुझ्याकडे बघून ठरवायला हवं. नाहीतर तीन जण मिळून तुला पळवतील, आणि नडगी पुन्हा बोलायला लागेल.